ढोलकी न ऐकणारी नर्तकी: एआय व्हिडिओसाठी शृंगाराचा नाच लिहिताना

यात्रांचा हंगाम सुरू झाला की सांगली-साताऱ्याकडच्या गावांत आता स्टेजच्या मागं कापडी पडद्याऐवजी एलईडी वॉल दिसते. पुढं लावणीचा ग्रुप नाचतो आणि मागच्या भिंतीवर काहीतरी हलत राहतं: झुंबरं, समया, उधळलेला गुलाल, आणि अलीकडं एआयनं बनवलेली नर्तकी. लांबून ती बरी दिसते. जवळ गेलं की कळतं, गिरकीत तिचा चेहरा बदलतोय, पाय न उचलताच ती दोन हात सरकतेय, पदर पोटात विरघळतोय आणि बोटं मोजायची तर हिंमतच होत नाही. मंडळाची पोरं म्हणतात, एआयला नाच जमत नाही. मला तसं वाटत नाही. त्याला नाच बऱ्यापैकी जमतो, पण आपण त्याला नाच सांगतच नाही.

काय सांगतो ते बघा. ‘सुंदर मादक मुलगी, हॉट डान्स, नऊवारी, फोर के, सिनेमॅटिक, एकदम स्मूथ.’ यातली नऊवारी सोडली तर डोळ्यांसमोर उभं राहील असं काय आहे? हात कुठं आहे, वजन कुठल्या पायावर आहे, ती बघतेय कुणाकडं, सुरुवात बसून की उभ्यानं, काहीच नाही. एवढ्या सांगण्यावर एखाद्या कोरिओग्राफरला उभं केलं तर तो आधी प्रश्नांची सरबत्ती करेल. एआयचं मॉडेल, म्हणजे व्हिडिओ बनवणारा प्रोग्राम, विचारत नाही, मनानं भरून टाकतं. आणि ते जे भरतं ते हजार ठिकाणी बघितलेलं सरासरीचं असतं: कॅमेऱ्याकडं टक लावून उभी राहिलेली बाई, केस उडताहेत, अंग उगाच डुलतंय.

पुढं लिहिलंय ते प्रौढ प्रेक्षकांसाठीच्या, शृंगारिक पण अंगावर कपडे असलेल्या नाचाबद्दल. लावणीच्या मुलखात राहून त्यासाठी उदाहरणं बाहेरून आणायची गरज नाही.

मुंग्यांमधून नाच

व्हिडिओ बनवणारी आजची बहुतेक मॉडेलं डिफ्यूजन नावाच्या पद्धतीवर चालतात. शिकवताना खऱ्या क्लिपवर थोडा थोडा नॉइज टाकत जातात आणि शेवटी नुसत्या मुंग्या उरतात, जुन्या टीव्हीचा अँटेना हलला की दिसायच्या तशा. मॉडेल शिकतं ते उलटं काम: या मुंग्यांतून चित्र परत कसं काढायचं. प्रत्येक क्लिपसोबत तिच्यात काय चाललंय हे सांगणारा मजकूरही असतो. आपण प्रॉम्प्ट, म्हणजे काय हवं ते सांगणारा मजकूर, देतो तेव्हा मूळ क्लिप नसतेच, असतात फक्त मुंग्या आणि आपली चार वाक्यं. मॉडेल एकेका पायरीला थोडा नॉइज कमी करतं आणि काय ठेवायचं, काय पुसायचं हे ठरवताना त्या वाक्यांकडं बघतं.

हे चालतं दाबून लहान केलेल्या चित्रांवर, कारण पूर्ण आकाराच्या फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं, पेलणारं मशीन कुणाच्या घरी नसतं. आपल्या अडचणीचं एक मूळ इथं आहे. अलीबाबानं २०२५ च्या फेब्रुवारीत खुलं केलेलं वॅन २.१ हे मॉडेल घ्या. त्याची नेहमीची क्लिप ८१ फ्रेमची, सेकंदाला १६ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या आसपास. आतमध्ये मात्र पहिली फ्रेम सुटी ठेवून बाकीच्यांचे चार-चारचे गठ्ठे बांधले जातात. ८१ फ्रेमचे होतात २१ गठ्ठे. चार फ्रेम म्हणजे पाव सेकंद. पाव सेकंदात जे काही घडतं ते सगळं एका गठ्ठ्यात कोंबलं जातं. चित्राच्या लांबी-रुंदीचंही असंच, दोन्हीकडं आठ पटींनी आकुंचन.

आता विचार करा, द्रुत लयीत पाय चाललेत, हात डोक्यावरून फिरतोय, बोटं मिटताहेत आणि उघडताहेत. पाव सेकंदात यातलं बरंच काही होऊन जातं आणि बोट तर चित्रात मुळातच चिमूटभर. मॉडेलनं ते चिकटवून टाकलं तर नवल काय? उलट मनगट सावकाश वळलं, मान कलली, श्वासानं खांदा वर आला, तर प्रत्येक गठ्ठ्यात थोडासाच बदल असतो आणि तो नीट मावतो. म्हणून संथ, रेंगाळणारा नाच हा या यंत्राचा खरा प्रांत आहे. धमाल उडत्या चालीवर हात मारण्याआधी हे लक्षात घ्यावं.

बैठकीची लावणी कामाला येते ती अशी

लावणीचे ढोबळ दोन प्रकार आपल्याला माहीत असतात. फडाची लावणी उभ्यानं, ढोलकीच्या कडकडाटात, पायांतल्या चाळांच्या जोरावर. बैठकीची लावणी बसून, थोड्या जाणकारांपुढं, गळ्यावर आणि अदेवर. एकच ओळ परत परत घ्यायची आणि दर वेळी तिचा भाव बदलायचा: एकदा लटका राग, एकदा आर्जव, एकदा नुसती नजर. साताऱ्याकडं वाईच्या यमुनाबाई वाईकर हे या प्रकारातलं फार मोठं नाव. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं गाव. १८६६ साली कुलकर्ण्यांच्या घरात जन्मलेला हा माणूस तमाशाच्या फडात जाऊन उभा राहिला आणि त्यानं लावण्यांचा ढीग रचला. कवलापूरचे तमाशा कलावंत काळू-बाळू तर अजून कित्येकांनी डोळ्यांनी बघितलेले आहेत. थोडक्यात, शृंगार कशात असतो हे विचारायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

तो असतो उशिरात. पदर लगेच उचलला तर ती नुसती क्रिया. पदर हनुवटीपर्यंत आला, तिथं थांबला, आणि मग डोळे वर झाले, तर समोरचा माणूस खल्लास. अंग किती उघडं आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

एका मित्रानं अशीच एक क्लिप तयार करून फडात हयात घालवलेल्या एका मावशींना मोबाईलवर दाखवली. त्यांनी एकदाच बघितली आणि म्हणाल्या, “चांगली हाय, पर हिचं समदं येकदमच हलतंय रं बाळा. डोळं, मान, हात, कंबर, समदं येकाच वक्ताला. हिला कुठं जायची घाई झालीया?” मित्र म्हणाला, “मग काय करू मावशी?” “येकामागनं येक. आन् नजर राखून ठिवायची, ती शेवटाला.”

प्रॉम्प्ट कसा लिहावा याबद्दल नेटवर जे काही वाचलं त्यातलं इतकं नेमकं मला कुठं सापडलं नाही. त्या बोलण्यातून जो मसुदा होतो तो साधारण असा:

‘पस्तीस वर्षांची नर्तकी गालिच्यावर एक गुडघा मोडून बसली आहे. डाळिंबी नऊवारी, सोनेरी काठ, पदर डाव्या खांद्यावरून पुढं घेतलेला. सुरुवातीला तिची नजर खाली आहे, पदराचं टोक उजव्या हातात आहे. ती सावकाश श्वास घेते. मग उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वळतं आणि पदराचं टोक हनुवटीपर्यंत येऊन थांबतं. हात थांबल्यावर मान डावीकडं कलते. सगळ्यात शेवटी नजर वर उठते आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं. कॅमेरा समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, अगदी हळू पुढं सरकतो. डाव्या बाजूनं समयांचा पिवळा उजेड, मागं अंधार. एकच सलग शॉट.’

यात ‘मादक’ हा शब्द कुठंही नाही, त्याची गरजच पडली नाही. पहिल्या दोन वाक्यांत कोण, कुठं, काय नेसलेली. मग सुरुवातीची स्थिती, कारण हालचाल कुठून निघाली हे सांगितलं नाही तर मॉडेल मधूनच सुरू करतं आणि पहिल्याच अर्ध्या सेकंदात झटका बसतो. मग क्रिया, क्रमानं, आणि प्रत्येकीचा मुक्काम सांगून: ‘हनुवटीपर्यंत येऊन थांबतं’. हा ‘थांबतं’ फार मोलाचा. थांबा सांगितला नाही तर हात कुठंतरी निघून जातो आणि परत येताना दुसऱ्याच कुणाचा होऊन येतो. ‘मग’, ‘थांबल्यावर’, ‘सगळ्यात शेवटी’ हे जोडशब्दही भरतीचे नाहीत, एकामागनं येक ते त्यांच्यामुळंच होतं.

क्रिया मोजल्या तर श्वास धरून चार-पाच, आणि त्याही बारीक. पाच सेकंदांना एवढं पुरे, किंबहुना काठावरच. यातच उठणं, गिरकी आणि निघून जाणं घातलं तर मॉडेल काहीतरी गाळतं नाहीतर सगळंच घाईत उरकतं. पुढचं हवं असेल तर पुढची क्लिप करावी आणि एडिटिंगला जोडावी. लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या पोरांना हे शिकवायला लागत नाही.

कॅमेऱ्यानं एकच काम करावं. नर्तकी हलतेय, कॅमेरा फिरतोय, वर झूमही होतोय, अशानं मॉडेलला कळेनासं होतं की हललं कोण. नाच हलता असेल तर कॅमेरा जवळजवळ स्थिर ठेवावा, आणि नर्तकी जवळजवळ स्थिर असेल तरच कॅमेऱ्याला थोडी मोकळीक. आणि कॅमेऱ्याची उंची नक्की लिहावी. वर ती बैठकीतल्या रसिकाच्या डोळ्यांची उंची आहे, म्हणजे बघणारा नर्तकीच्या बरोबरीनं बसलाय. कॅमेरा खाली नेऊन अंगावरून फिरवला की तीच क्लिप चोरून बघितल्यासारखी होते.

उभ्या नाचाचं दुखणं पाय

उभ्यानं नाच हवाच असेल तर वजनाबद्दल लिहा. माणूस कंबर हलवतो म्हणजे खरं तर वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकतो, कंबर आपोआप येते. ‘कंबर लचकवते’ एवढंच लिहिलं की मॉडेल धड जागेवर ठेवून नुसती कंबर हलवतं आणि ती बाई रबराची दिसते. त्याऐवजी: ‘वजन उजव्या पायावर, डावी टाच किंचित उचललेली. टाच सावकाश टेकते, वजन डावीकडं येतं, कंबर डाव्या बाजूला जाऊन क्षणभर थांबते. खांदे सरळ आणि शांत राहतात.’ शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. खांदे शांत असल्याशिवाय कंबरेची हालचाल डोळ्यात भरत नाही, हे कुठलीही नाचणारी बाई सांगेल.

पाय सरकण्याचा सोपा इलाज म्हणजे पाय न दाखवणं. गुडघ्यापासून वर फ्रेम धरा. पावलं दाखवायची हौस असेल तर त्यांचा वेगळा शॉट घ्या, घोट्यापर्यंतच, चाळ बांधलेले, आणि एकच ठेका: टाच उचलली, पाऊल पडलं, घुंगरं थरथरली. हे दोन्ही शॉट आलटून पालटून लावले की बघणारा मनातच आख्खा नाच जोडून घेतो.

नऊवारीचा गोंधळ स्वतंत्र आहे. मॉडेलला साडी माहीत असते, पण कासोटा घालून नेसलेली साडी फार थोड्या मजकुरांत त्याच्यापुढं आलेली असणार. मग ‘नऊवारी’ लिहून घागरा येतो, नाहीतर भरतनाट्यमचा पोशाख. म्हणून नेसण सविस्तर सांगावी: दोन्ही पायांमधून मागं नेऊन कंबरेला खोचलेली साडी, पोटऱ्या झाकलेल्या, पुढं निऱ्या, पदर खांद्यावर. भाषेचंही तेच. वॅनमधला मजकूर वाचणारा भाग बहुभाषिक आहे, तरी क्लिपसोबतचा मजकूर मुख्यतः इंग्रजी आणि चिनी होता. त्यामुळं आपण विचार मराठीत करावा, क्रम मराठीत लावावा आणि देताना इंग्रजी करून द्यावा. उलटं केलं, म्हणजे नेटवरचा तयार इंग्रजी प्रॉम्प्ट उचलून त्यात ‘लावणी’ एवढाच शब्द टाकला, तर जे येतं ते यात्रेतल्या वॉलवर बघतोच आहोत.

यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे आधी एक स्थिर चित्र पक्कं करायचं आणि तेच पहिली फ्रेम म्हणून द्यायचं. चेहरा, साडी, दागिने, उजेड सगळं चित्रात आलेलं असतं. मग प्रॉम्प्टमध्ये फक्त हालचाल लिहायची. चित्रात डाळिंबी साडी आहे आणि तुम्ही परत ‘लाल साडी’ लिहिलं, तर मॉडेल दोघांमध्ये तडजोड करत बसतं आणि साडीचा रंग मधेच बदलतो.

दोन बारीक गोष्टी. सीड नावाचा आकडा असतो, तो म्हणजे सुरुवातीच्या मुंग्या. तो कायम ठेवून प्रॉम्प्टमधला एकच तुकडा बदलला की कशानं काय झालं ते समजतं. सीड आणि मजकूर दोन्ही बदलत राहिलात तर नुसता मटका. दुसरं, नको असलेल्या गोष्टींसाठी काही टूलमध्ये वेगळा रकाना असतो, निगेटिव्ह प्रॉम्प्टचा. तिथं ‘जास्तीची बोटं, विकृत हात, अस्पष्ट चेहरा’ असं सरळ नाव घेऊन लिहायचं. मुख्य प्रॉम्प्टमध्ये ‘सहा बोटं नकोत’ लिहिणं धोक्याचं, कारण ‘सहा बोटं’ तर सांगून झालेली असतात.

तालाचा हिशोब

यातला बहुतेकांकडून सुटणारा भाग म्हणजे ताल. ही नर्तकी ढोलकी ऐकत नाही. वॅन २.१ ला आवाजच नाही. गूगलचं व्हीओ ३ मे २०२५ मध्ये आलं, ते चित्रासोबत आवाजही बनवतं, पण तो आवाज त्याचा स्वतःचा. तुमच्या ढोलकीवाल्यानं वाजवलेला तुकडा त्यात येत नाही. तेव्हा ताल आपण बाहेरून जुळवायचा, आणि त्यासाठी थोडं गणित आधीच करून ठेवलेलं बरं.

मिनिटाला ९६ मात्रांची लय धरा. एक मात्रा झाली ०.६२५ सेकंदाची. पाच सेकंदांत बरोबर ८ मात्रा बसतात. आठ मात्रा म्हणजे केरवा तालाचं एक आवर्तन, एक पूर्ण फेरी! वर गंमत अशी की सेकंदाला १६ फ्रेमच्या क्लिपमध्ये एका मात्रेला १० फ्रेम येतात आणि सिनेमाच्या २४ फ्रेममध्ये १५. कुठंही अपूर्णांक नाही. एडिटिंगच्या २४ फ्रेमवाल्या टाइमलाइनवर दर १५ फ्रेमला मार्कर टाका आणि डोळे मिटून काम करा.

प्रॉम्प्टमध्ये ‘आठ मात्रांत चार वेळा कंबर’ लिहिण्यात अर्थ नाही, मोजणीत ही मॉडेलं कच्ची आहेत. ‘एकसारख्या संथ लयीत’ एवढं लिहावं आणि आलेल्या क्लिपमध्ये थांबा शोधावा. मनगट जिथं थांबतं, टाच जिथं टेकते, ती फ्रेम पकडून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आणून ठेवायची. बघणाऱ्याचा कान समेवर असतो, तिथं काहीतरी टेकलं की त्याला सगळंच तालात वाटतं. मधल्या सात मात्रा कुणी तपासत नाही. ढोलकी १०४ च्या लयीत असेल तर क्लिप साधारण ८ टक्क्यांनी पळवा, संथ हालचालीत तेवढं खपून जातं.

‘स्मूथ’ म्हणून लोक जे मागतात त्यातलं अर्धं इथंच, एडिटिंगला मिळतं. १६ फ्रेमची क्लिप थोडी अडखळतच दिसणार. फ्रेम इंटरपोलेशन करणारी सॉफ्टवेअरं दोन फ्रेमच्या मधली फ्रेम अंदाजानं रंगवून देतात, १६ च्या ३२ करून देतात. सावकाश हातावर हे छान बसतं. झपाट्यानं फिरलेल्या हातावर मात्र भुतासारखा दुसरा फिकट हात उमटतो, तो कशानंही जात नाही. म्हणजे इथंही संथ लिहिणाराच फायद्यात.

वॉलवर क्लिप सारखी फिरवायची असते. काही टूलमध्ये पहिली आणि शेवटची दोन्ही फ्रेम देता येतात, दोन्हीकडं तेच चित्र दिलं की शिवण दिसत नाही. पण मग नर्तकी फार लांब जायला घाबरते, कारण तिला परत यायचं असतं. म्हणून जाणं आणि येणं दोन्ही प्रॉम्प्टमध्ये लिहा: पदर हनुवटीपर्यंत येतो, थांबतो, परत मांडीवर येतो. क्लिप उलटी फिरवून जोडायची युक्ती कंबरेच्या संथ झोक्याला चालते. पदराला चालत नाही. पडणारा पदर वर चढताना दिसला की शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही कळतं.

वय, चेहरा आणि पोलीस ठाणं

वरच्या प्रॉम्प्टमध्ये ‘पस्तीस वर्षांची’ हे पहिल्याच वाक्यात आहे, तेही आकडा सांगून. ‘मुलगी’, ‘तरुणी’, ‘कॉलेजची पोरगी’ असं लिहिणं म्हणजे वयाचा निर्णय यंत्रावर सोडणं, आणि सोडला तर ते चेहरे गुळगुळीत आणि लहान करत जातं. शृंगाराच्या क्लिपमध्ये हे चालणारच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब मुलांबद्दलच्या अश्लील चित्रणासाठी आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या पोक्सो कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं जी व्याख्या आली तिच्यात संगणकानं बनवलेली, खऱ्या मुलासारखीच दिसणारी प्रतिमाही येते. ‘एआयनं केलंय, खरं कुणी नाही’ हे उत्तर तिथं उपयोगाचं नाही. वय लिहा, आणि तरीही आलेला चेहरा कोवळा वाटला तर क्लिप पुसून टाका. मोठ्यांच्या बाबतीतही कलम ६७ आणि ६७ अ आहेतच: अश्लील मजकूर प्रसारित केला तर पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, उघड लैंगिक कृतीचं चित्रण असेल तर पाच वर्षांपर्यंत आणि दहा लाखांपर्यंत. यात्रेच्या वॉलसमोर बायकापोरं बसलेली असतात हे वेगळंच.

दुसरा मुद्दा चेहऱ्याचा. ‘दादा, हिचा फोटो घ्या आणि हिलाच नाचवा की’ म्हणत इन्स्टावरून उचललेला फोटो पुढं करणारे भेटतात. कधी ती नावाजलेली लावणी कलाकार असते, कधी गावातलीच कुणीतरी. दोन्हीला उत्तर एकच, नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अभिनेत्री रश्मिका मंदान्नाचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या व्हिडिओवर चिकटवला गेला, तेव्हा देशभर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. तिच्यासाठी बोलायला बडे लोक तरी उभे राहिले. तालुक्याच्या गावात नाचून घर चालवणाऱ्या बाईसाठी कोण उभं राहणार? जिचा चेहरा वापरायचा तिची लेखी परवानगी, आणि परवानगी कुठल्या क्लिपसाठी, कुठं दाखवायला, तेही त्यात.

सांगली जिल्ह्याला नाच आणि कायदा हा वाद तसा नवीन नाही. लावण्यांचा बादशहा पठ्ठे बापूराव वाळव्यातला आणि २००५ साली डान्सबारवर बंदी आणणारे गृहमंत्री आर. आर. आबा तासगावातल्या अंजनीचे. बंदी पुढं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली रद्द ठरवली, मग २०१६ चा नवा कायदा आला, २०१९ मध्ये न्यायालयानं त्यातल्याही अटी सैल केल्या. कुठला नाच अश्लील हे ठरवताना मंत्री, वकील, न्यायाधीश सगळे थकले. आता तो निवाडा एआय कंपन्यांचे फिल्टर, म्हणजे आक्षेपार्ह प्रॉम्प्ट अडवणारी यंत्रणा, सेकंदात करतात, आणि बऱ्याचदा बावळटासारखा करतात. पण त्यांना चकवायला शब्द फोडून लिहिणं, स्पेलिंग बदलणं हे उद्योग मला पटत नाहीत. बैठकीच्या त्या प्रॉम्प्टमध्ये फिल्टरला अडण्यासारखा शब्दच नाही. गालिचा, पदर, मनगट, मान, नजर. जो माणूस फिल्टरशी भांडत बसतो त्याचा प्रॉम्प्ट बहुधा विशेषणांनी भरलेला असतो आणि क्रियापदांत कंगाल.

क्लिप दाखवताना कोपऱ्यात ‘एआय’ असं लिहावं. लोक बघायचे थांबत नाहीत, उलट जवळ येऊन बोटं मोजतात.

आणि प्रॉम्प्ट लिहून लिहून कंटाळा आला तर आणखी एक रस्ता आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या वॅन ॲनिमेटसारख्या टूलमध्ये खऱ्या माणसाच्या नाचाचा व्हिडिओ देता येतो, हालचाल त्याची, रूप तुमच्या चित्रातलं. मोबाईल स्टँडवर लावा, मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र, ९६ वर ठेवा, नाचणाऱ्या ताईंना एक आवर्तन करायला सांगा. घट्ट कपडे असतील तर हातपाय नीट ओळखले जातात, घोळदार असतील तर गुडघे गायब होतात. नजर कधी उचलायची हे त्यांना सांगायला लागत नाही, ते एक बरं. फक्त या पाच सेकंदांचं काय घेणार हे आधी विचारून घ्या. सुपारी ठरते ती आख्ख्या रात्रीच्या कार्यक्रमाची, क्लिपचा भाव आपल्याकडं अजून ठरलेला नाही.